भोपळ्याचे श्रेय कोणाला?

काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी शालेय वादविवाद स्पर्धेचा परीक्षक म्हणून जाण्याचा योग आला. विषय नेहमीचाच होता : ‘अनुवंश श्रेष्ठ की परिस्थिती?’ नववीतील एका मुलीने वर्तमानपत्रातील एक कात्रण सर्वांना दिसेल असे उंच धरले. त्यात एक अवाढव्य भोपळा होता आणि शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या छातीपर्यंत तो पोहोचत होता. ‘‘साध्या भोपळ्याच्या बीला तुम्ही कितीही खतपाणी घाला, असे फळ येईल का? हा प्रताप बियाण्याचाच आहे!’’ टाळ्या पडल्या. पुढचा मुलगा विरुद्ध बाजूचा होता. त्याने तिच्याकडून तेच कात्रण मागून घेतले आणि चित्राखालचा मजकूर वाचून दाखवला. मातीची तपासणी, रोजचे शेकडो लिटर पाणी, फळावर सावलीसाठी घातलेले कापड, सगळे त्यात होते. ‘‘तीच बी आमच्या परसात टाका आणि काय येते ते बघा!’’ टाळ्या अधिकच पडल्या. तिसरा मुलगा चतुर निघाला. दोन्ही घटक महत्त्वाचे आहेत, असे त्याने समजुतीच्या सुरात सांगितले आणि अनुवंशाला साठ टक्के, परिस्थितीला चाळीस टक्के अशी वाटणीही करून दिली. आम्ही परीक्षकांनी माना डोलावल्या आणि पहिला क्रमांक त्याला दिला. निकालपत्रावर माझीही सही आहे.

आज मला वाटते की तिघांत सर्वांत चुकीचे उत्तर त्याचेच होते. पहिल्या दोघांनी अर्धे का होईना, पण खरे सांगितले होते. तिसऱ्याने दिलेल्या आकड्यांना मात्र काही अर्थच नव्हता. अर्थात दोष त्या मुलाचा नाही. आपली मार्गदर्शके, निबंधमाला आणि वर्तमानपत्री लेख हेच शिकवतात. अनुवंश आणि परिस्थिती यांचे जणू विळ्या-भोपळ्याचे सख्य आहे असे गृहीत धरायचे, त्यांना आखाड्यात उतरवायचे आणि शेवटी गुणांची वाटणी करून मोकळे व्हायचे. ही जोडी अशी समोरासमोर उभी करण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकातील इंग्रज विद्वान फ्रान्सिस गाल्टन यांनी रूढ केली. तिच्यातील घोळ उघड करायला भोपळ्याइतके चांगले उदाहरण शोधून सापडणार नाही. म्हणून त्या कात्रणातल्या भोपळ्याकडे पुन्हा वळू.

हा भोपळा कुकरबिटा मॅक्सिमा या जातीचा. ही जात मूळची दक्षिण अमेरिकेतली. हॅलोविनच्या सणात कोरतात तो नारिंगी भोपळा बहुधा कुकरबिटा पेपो या वेगळ्याच जातीचा असतो, आणि आपल्या बाजारात डांगर किंवा काशीफळ म्हणून मिळणारा लाल भोपळा पुष्कळदा कुकरबिटा मोशाटा या तिसऱ्या जातीचा असतो. बातम्यांमध्ये या सगळ्यांना एकाच माळेत ओवून ‘साधा भोपळा पाच किलोचा, हा हजार किलोचा’ अशी तुलना केलेली आढळते. ही पहिली चूक. गाढवाची आणि घोड्याची शर्यत लावून खुराकाचे महत्त्व सिद्ध करण्यासारखे ते आहे.

विक्रमांचा इतिहास मोठा बोलका आहे. कॅनडातील विल्यम वॉरनॉक यांनी १९०० साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात ४०० पौंडांचा भोपळा नेला आणि १९०४ साली सेंट लुईसच्या प्रदर्शनात ४०३ पौंडांचा, म्हणजे सुमारे १८३ किलोंचा. हा विक्रम सत्तर वर्षांहून अधिक काळ कोणाला मोडता आला नाही. १९७६ साली पेनसिल्व्हेनियात ४५१ पौंडांचा भोपळा आला. त्यानंतर कॅनडाच्याच नोव्हा स्कोशिया प्रांतातील हॉवर्ड डिल या शेतकऱ्याचे नाव पुढे आले. मोठ्या फळांच्या जुन्या वाणांतून वर्षानुवर्षे निवड करून त्यांनी ‘अटलांटिक जायंट’ हा वाण तयार केला. १९८१ साली त्यांचा भोपळा ४९३.५ पौंड भरला. पुढे विक्रमांना जणू पंख फुटले. १९९६ मध्ये १०६१ पौंड, २०१२ मध्ये २००९ पौंड आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये इंग्लंडच्या पॅटन बंधूंचा १२७८.८ किलो. म्हणजे सत्तर वर्षे जवळजवळ ठप्प असलेले वजन नंतरच्या पन्नास वर्षांत सहापटीहून अधिक वाढले.

आता बियाण्याची बाजू घेणारा म्हणेल, पाहा, डिल यांचा वाण आला आणि चमत्कार घडला. परंतु याच पन्नास वर्षांत आणखीही बरेच काही घडले. हौशी बागायतदारांच्या संघटना झाल्या. माती प्रयोगशाळेत तपासून खते मोजून देण्याची पद्धत पडली. एका वेलाला नव्वदेक चौरस मीटर जागा मोकळी सोडायची, वेलाच्या फांद्या पेरांपाशी मातीत दाबून जागोजागी मुळे फुटू द्यायची, परागीभवन हाताने करायचे, एकच फळ राखून बाकीची खुडून टाकायची, असे शास्त्र तयार झाले. ऐन भरात हे फळ दिवसाला वीस किलोंच्या आसपास वाढते. पाणी देण्यात हयगय झाली किंवा एकाएकी जास्त झाले तर तडकते, आणि तडकलेले फळ स्पर्धेतून बाद होते. शिवाय ही विक्रमी फळे वाढली ती बहुतेक ४० ते ५२ अंश उत्तर अक्षांशांच्या पट्ट्यात. दक्षिण इंग्लंडमध्ये जूनच्या अखेरीस दिवस साडेसोळा तासांच्या जवळपास असतो. आपल्या पुण्याला वर्षातला सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांचा. उन्हाचे ते तीन तास कोणत्याही पुडीत विकत मिळत नाहीत.

दोन्ही गोष्टी एकदमच वाढत गेल्या असतील तर कोणती किती कारणीभूत, हे केवळ विक्रमांच्या यादीवरून कळणार नाही, हे उघड आहे. पण माझा मुद्दा त्याच्याही पुढचा आहे. तो एका काल्पनिक हिशेबाने मांडतो. यातील आकडे मोजलेले नाहीत, निव्वळ समजण्यासाठी घेतले आहेत.

समजा, आपल्याकडे साधे बियाणे आहे आणि निवडलेले ‘राक्षसी’ बियाणे आहे. दोन्ही आपण दुर्लक्षित परसात लावली आणि दोन्ही निगुतीने तयार केलेल्या वाफ्यातही लावली. साधे बियाणे परसात ५ किलोचे फळ देते, वाफ्यात ८ किलोचे. राक्षसी बियाणे परसात ५० किलोचे देते आणि वाफ्यात ६०० किलोचे. आता वर्गाला विचारावे : बियाण्याने किती फरक पडला? परसात विचाराल तर ४५ किलो, वाफ्यात विचाराल तर ५९२ किलो. निगराणीने किती फरक पडला? साध्या बियाण्याला विचाराल तर ३ किलो, राक्षसी बियाण्याला विचाराल तर ५५० किलो. बियाणे तेच, निगराणीही तीच, पण उत्तर प्रत्येक ठिकाणी वेगळे. मग त्या ६०० किलोंतील किती किलो बियाण्याचे आणि किती मातीचे? हा प्रश्न आयताचे क्षेत्रफळ लांबीमुळे किती आणि रुंदीमुळे किती असे विचारण्यासारखा आहे. एका फळाच्या वजनाची अशी वाटणी होत नाही. होऊ शकत नाही.

वाटणी होते ती फरकांची, आणि तीही अनेक झाडे घेतली तरच. ‘या शेतातील भोपळ्यांच्या वजनांत जे कमी-जास्त दिसते त्याचा किती हिस्सा त्यांच्या जनुकांतील भेदांमुळे?’ हा प्रश्न योग्य आहे. शास्त्रज्ञ आनुवंशिकतेचे प्रमाण म्हणून जो आकडा देतात तो याच प्रश्नाचे उत्तर असतो. पण तो आकडा त्या शेताचा असतो, भोपळ्याचा नव्हे. गावातील सर्वांनी एकाच शुद्ध वाणाचे बियाणे लावले तर फळांमधील झाडून सारा फरक निगराणीचा ठरेल आणि आनुवंशिकतेचे प्रमाण शून्याजवळ जाईल. उलट संशोधन केंद्राच्या एकसारख्या वाफ्यांत चाळीस वाण लावले तर तेच प्रमाण खूप वाढेल. भोपळ्याची जनुके दोन्हीकडे तेवढेच काम करत असतील. बदलली ती आपली मांडणी.

डॅनिश शास्त्रज्ञ विल्हेल्म योहानसेन यांनी ही गोष्ट १९०३ साली घेवड्याच्या दाण्यांवर दाखवून दिली होती. बाजारातून आणलेल्या दाण्यांपासून त्यांनी १९ शुद्ध वंश तयार केले. घेवडा स्वपरागी असल्याने एका वंशातील सर्व झाडे जनुकांच्या दृष्टीने जवळजवळ एकसारखी. तरीही एकाच वंशात काही दाणे टपोरे येत, काही बारीक. योहानसेन यांनी टपोरे वेगळे पेरले आणि बारीक वेगळे पेरले. पुढच्या पिढीत दोहोंच्या दाण्यांचे सरासरी वजन सारखेच भरले! वंशा-वंशांतील फरक मात्र पिढ्यानपिढ्या टिकून राहिला. डोळ्यांना दिसणारे रूप एक आणि आतला जनुकांचा संच दुसरा, हा भेद त्यांना या दाण्यांनी शिकवला. ‘जीन’ हा शब्दही १९०९ साली त्यांनीच रूढ केला. ज्या माणसाने आपल्याला जनुकाचे नाव दिले त्याचा मूळ प्रयोग ‘टपोरा दाणा म्हणजे टपोरे बियाणे नव्हे’ हे दाखवणारा होता, हे आपल्या पाठ्यपुस्तकांत यायला हवे. मेंडेलच्या वाटाण्यांनंतर पान उलटताना हा घेवडा नेमका निसटतो.

भोपळ्याचे प्रकरण घेवड्याहून गुंतागुंतीचे आहे. एकाच वेलावर नर आणि मादी फुले वेगवेगळी येतात आणि पराग बहुधा दुसऱ्या वेलावरून आणला जातो. त्यामुळे एका फळातील शेकडो बिया ही एकमेकांची भावंडे असतात, जुळी नव्हेत. विक्रमी फळाची एक बी शेकडो डॉलरना विकत घेणाऱ्याला त्या फळाचे एक अपत्य मिळते, ते फळ मिळत नाही. हौशी बागायतदार बियांची वंशावळ मोठ्या निष्ठेने ठेवतात : फळाचे वजन, पिकवणाऱ्याचे आडनाव, वर्ष, मग आई आणि बाप. येथे विद्यार्थ्यांना एक प्रश्न जरूर घालावा. परागीभवनासाठी मोठ्या घराण्यातला पराग वापरला तर यंदाचे फळ मोठे होईल का? बहुतेक मुले होय म्हणतील. (काही शिक्षकही म्हणतात, हा माझा अनुभव आहे.) फळाचा गर आणि साल ही मादी फुलाच्या अंडाशयापासून बनतात, म्हणजे ती आईच्याच शरीराचा भाग असतात. बापाची जनुके आहेत ती आतल्या बियांतील गर्भात. त्यांचा प्रभाव फळाच्या आकारावर दिसायचा तर पुढचा हंगाम उजाडावा लागतो.

पण या वंशावळींच्या बाबतीत खरी अडचण वेगळीच आहे, आणि तिच्याकडे बातमीदारांचे तर सोडाच, पुष्कळ बागायतदारांचेही लक्ष जात नाही. अमुक फळाच्या बियांपासून हजार किलोंवरचे इतके भोपळे आले, म्हणजे ते घराणे थोर, असा निष्कर्ष काढला जातो. पण त्या बिया मिळाल्या कोणाला? ज्यांची माती वर्षानुवर्षे कमावलेली आहे, ज्यांच्याकडे काचघर आहे, ज्यांचे नाव आधीच गाजलेले आहे, त्यांना. नवख्याच्या हाती पडते ते दुकानातले पाकीट. उत्तम बी उत्तम मळ्यात आणि सामान्य बी सामान्य परसात, अशी ही विभागणी आपोआप होते. मग फळ मोठे झाले की श्रेय बीला जाते आणि पुढल्या वर्षी ती बी आणखी चांगल्या मळ्यात जाते. शिवाय गाजलेली बी अनेक जण लावतात. त्यांतील जी फळे कुजली वा तडकली ती यादीत येतच नाहीत. अशा नोंदींत कितीही गणित केले तरी बी आणि मळा एकमेकांपासून सुटे होत नाहीत. बीचा मोठेपणा खोटा आहे असे मी म्हणत नाही. तो या पुराव्याने सिद्ध होत नाही, एवढेच म्हणतो.

सुटे करण्याचा मार्ग आहे, आणि तो शेतकी महाविद्यालयातील पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असतो. दोन्ही प्रकारच्या बिया चिठ्ठ्या टाकून वाफ्यांत वाटायच्या आणि कोणत्या वाफ्यात कोणती बी आहे हे निगा राखणाऱ्याला कळू द्यायचे नाही. पण हिशेब करून पाहा. एका वेलाला नव्वद चौरस मीटर, म्हणजे चाळीस वेलांना ३६०० चौरस मीटर. जवळपास एकरभर जमीन, चार-पाच महिन्यांची मेहनत, आणि हाती येणार अवघी चाळीस वजने. हौशी माणूस हे का करील? त्याला विक्रम करायचा असतो, प्रयोग नव्हे.

म्हणूनच ज्या थोड्या शास्त्रज्ञांनी राक्षसी आणि साधे वाण शेजारी-शेजारी ठेवून पाहिले त्यांचे काम मोलाचे आहे. २०१५ साली जेसिका सॅव्हेज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असा एक अभ्यास प्रसिद्ध केला. राक्षसी वाणाच्या पानांत प्रकाशसंश्लेषण अधिक वेगाने चालत असेल, अशी कोणाचीही पहिली कल्पना असेल. तसे आढळले नाही. रसातील साखरही अधिक नव्हती आणि रसवाहिन्यांच्या नळ्यांची रचनाही वेगळी नव्हती. वेगळे होते ते प्रमाण. पानाच्या आणि फळाच्या देठांत रसवाहिन्यांचे ऊतकच अधिक होते. म्हणजे निवड करणाऱ्यांनी नकळत कारखाना नव्हे तर रस्ता रुंद केला होता!

या शोधाने ‘बी की माती’ हा वाद कोणत्या बाजूने सुटला? मला वाटते, वादच निकालात निघाला. रुंद रस्ता ही जनुकांची देणगी खरी. पण रस्त्यावरून वाहून न्यायला माल नसेल तर रुंदीचा उपयोग काय? पानांची संख्या कमी असेल, मुळांना पाणी नसेल, ऊन थोडे असेल, तर रुंद देठाचा वेल आणि अरुंद देठाचा वेल यांच्यातील अंतर घटेल. आणि माल रग्गड असूनही रस्ता अरुंद असेल तर खताची पोती वाया. आपल्या काल्पनिक कोष्टकातील ३ किलो आणि ५५० किलो हे आकडे इतके वेगळे का असू शकतात, याचे एक खरेखुरे, देठ कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येईल असे कारण येथे मिळते. साठ-चाळीस म्हणणाऱ्याला या कारणाची गरजच भासत नाही. टक्केवारीवरचा माझा मुख्य आक्षेप हाच की ती सांगितली की विचार थांबतो. काय घडते, कोठे घडते, कोणत्या क्रमाने घडते, हे विचारायचे राहून जाते.

त्या स्पर्धेनंतर शिक्षकांच्या खोलीत चहा झाला. पहिल्या मुलीविषयी कोणी म्हणाले, ‘‘उपजतच हुशार आहे हो.’’ दुसऱ्याविषयी, ‘‘वडील शिक्षक, घरचे वातावरणच तसे.’’ मग स्पर्धेत न उतरलेल्या एका मुलाचा विषय निघाला. त्याच्या घरात शिकलेले कोणी नव्हते. ‘‘आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार?’’ हे वाक्य ज्यांनी उच्चारले ते दुष्ट नव्हते. उलट मुलांसाठी रात्री थांबून शिकवणारे होते. पण खोलीतील आम्ही सगळेच क्षणभरापूर्वी बागायतदाराच्या नोंदवहीतील चूक करत होतो. स्पर्धेसाठी कोणाला निवडायचे, ग्रंथालयाची किल्ली कोणाला द्यायची, प्रयोगशाळेत कोणाला बसू द्यायचे, हे पहिल्या घटक चाचणीनंतर ठरलेले असते. चांगली समजलेली बी चांगल्या वाफ्यात जाते, आणि दहावीच्या निकालाच्या दिवशी आपण म्हणतो, पाहा, मी पाचवीतच ओळखले होते. माणसाच्या मुलांवर भोपळ्याचा प्रयोग करता येत नाही, करूही नये. पण प्रयोग केलेला नसताना त्याचा निष्कर्ष सांगायचा, हे तरी आपण थांबवू शकतो. मराठी शाळेत भोपळ्याला आधीच एक अर्थ चिकटलेला आहे. तो कोणाच्या वहीत पडेल हे वाफा दाखवण्याआधीच ठरवून टाकणे मला तरी मान्य नाही.

ज्यांना शाळेच्या आवारात काही करून पाहायचे आहे त्यांनी भोपळ्याच्या मागे न लागता घेवडा किंवा मूग घ्यावा. दोन निरनिराळ्या वाणांचे वीस-वीस दाणे, दोन प्रकारची माती, चाळीस लहान कुंड्या. प्रत्येक मातीत प्रत्येक वाणाच्या दहा कुंड्या येतील, पण कोणती कुंडी कोणाकडे आणि खिडकीपासून किती लांब, हे चिठ्ठ्या टाकून ठरवावे. कोणत्या कुंडीत कोणता वाण आहे याची यादी शिक्षकांनी कपाटात ठेवावी. तीन आठवड्यांनी रोपांची उंची मोजून चार सरासऱ्या फळ्यावर लिहाव्यात, आणि वरच्या कोष्टकाप्रमाणे फरक आडवे-उभे काढावेत. बहुधा दोन्ही दिशांचे फरक सारखे येणार नाहीत. आलेच, तर तेही लिहून ठेवावे. या मातीत या वाणांचे नुसती बेरीज केल्यासारखे वागणे हाही निष्कर्षच आहे.

यंदा त्याच शाळेचे परीक्षक म्हणून पुन्हा पत्र आले आहे. विषयही तोच आहे. मी येण्याचे कबूल केले आहे आणि विषय बदलून ‘हा भोपळा एवढा मोठा कसा झाला?’ असा ठेवावा, अशी विनंती केली आहे. मुख्याध्यापकांचे उत्तर आले : सूचना चांगली आहे, पण या विषयाला दोन बाजू कोणत्या, हे कळवावे.